टेक्स्ट बॉक्स का पळतो?
वर एक ओळ वाढवली की टेक्स्ट बॉक्स पुढच्या पानावर उडी मारतो, हे मीही सोसायटीचा अहवाल करताना भोगलंय. वर्डमध्ये हा बॉक्स पानाला नाही, परिच्छेदाला बांधलेला असतो. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून बॉक्स निवडा, बाजूला छोटा नांगर (अँकर) दिसेल. नांगर ज्या परिच्छेदापाशी आहे, तो पुढच्या पानावर सरकला की बॉक्सही मागोमाग. परिच्छेद पूर्ण पुसला तर बॉक्सही गायब! (माझा असाच गेला.) नुसतं 'मूव्ह ऑब्जेक्ट विथ टेक्स्ट' (मजकुराबरोबर बॉक्स सरकवणारा पर्याय) बंद करून भागत नाही. नांगर ओढून, बॉक्स जिथे हवा त्या पानाच्या पहिल्या परिच्छेदापाशी ठेवा, मग 'लॉक अँकर' करा. आणि पान बदलायला एंटर बडवत बसू नका हो, कंट्रोल-एंटर आहे की!