बटाट्यावर करपा: पाला कापावा की बटाटेच काढावेत?

प्रश्न: आंबेगाव तालुक्यातील आमच्या परसबागेत नोव्हेंबरच्या आरंभी लावलेल्या बटाट्याच्या तीन सऱ्यांवर, चार दिवस ढगाळ हवा आणि धुके राहिल्यापासून, पानांच्या कडेने भिजल्यासारखे काळपट डाग आले आहेत. शेजारी टोमॅटोही आहेत. काय करावे?

उत्तर १: सकाळी दव असताना पान उलटून पाहावे. डागाच्या कडेला पांढरी, विरळ लव दिसली तर तो उशिरा येणारा करपा समजावा. डागात एकात एक वर्तुळे असतील तर तो लवकर येणारा करपा, आणि त्याची एवढी घाई नसते.

प्रश्नकर्ता: लव आहे. दोन झाडांचे खोडही काळे पडले आहे.

उत्तर २: मग थांबू नये. रोगट झाडे जमिनीलगत कापून बागेबाहेर खोल पुरावीत. कंपोस्टच्या खड्ड्यात मुळीच टाकू नयेत. बटाटे मात्र लगेच उपटू नयेत, कारण पाल्यावरचे बीजाणू काढणीत कंदाला लागले की साठवणीत कूज सुरू होते. दहा-बारा दिवसांत साल पक्की होते, तोवर मातीची भर शाबूत ठेवावी. उरलेल्या झाडांवर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम, पानांच्या खालूनही, फवारावे. ते निरोगी पान राखते, लागलेला रोग बरा करत नाही.

उत्तर ३: हा रोग जिवंत कंदात तग धरतो, म्हणून सुपारीएवढे बटाटेही वेचून काढावेत आणि या वाफ्यातले बेणे ठेवू नये. आम्ही आळसाने सोडलेले बटाटे पुढच्या हंगामात टोमॅटोच्या वाफ्यातच उगवले होते.