नाइस १९ देऊनही प्रोसेस १०० टक्के सीपीयू का घेते?

प्रश्न:
एकच कोअर असलेल्या लिनक्स मशीनवर मी व्हिडिओ रूपांतराचे काम नाइस १९ देऊन, म्हणजे सर्वांत कमी प्राधान्याने चालवतो. तरीही टॉपमध्ये, म्हणजे चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत, त्या प्रोसेसपुढे जवळजवळ १०० टक्के सीपीयू दिसतो. शिवाय दुसऱ्या टर्मिनलमध्ये मोठा प्रोग्रॅम कंपाइल करायला घेतला, तर दोन्ही कामांना निम्मा निम्मा वेळ मिळतो. मग या आकड्याचा उपयोग तरी काय?

प्रतिसाद १:
नाइस ही मर्यादा नसून वाटणीतले वजन आहे. दुसरे कोणी रांगेत नसेल, तर शेड्यूलर, म्हणजे प्रोसेसना सीपीयूचा वेळ वाटून देणारा भाग, कोअर रिकामा ठेवत नाही. तो सगळा वेळ आपल्या प्रोसेसलाच देतो, आणि तेच योग्य आहे. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) तक्त्यात नाइस ० चे (म्हणजे नेहमीच्या प्राधान्याचे) वजन १०२४, तर नाइस १९ चे १५ आहे. प्रत्येक प्रोसेसच्या खात्यावर आभासी वेळ मांडला जातो आणि वजन जितके कमी तितका तो भरभर वाढतो, त्यामुळे नाइस १९ ची प्रोसेस प्रत्यक्षात १ मिलिसेकंद चालली की तिच्या खात्यावर सुमारे ६८ मिलिसेकंद चढतात आणि तिची पुढची पाळी उशिरा येते. सीपीयू सतत मागणाऱ्या, एक नाइस ० ची आणि एक नाइस १९ ची, अशा दोन प्रोसेस समोरासमोर आल्या, तर नाइस १९ वालीच्या वाट्याला १०३९ पैकी १५ भाग, म्हणजे जेमतेम दीड टक्का येतो. २००७ मधील सीएफएस या शेड्यूलरच्या जागी २०२३ मध्ये, कर्नलच्या ६.६ आवृत्तीपासून, ईईव्हीडीएफ हा नवा शेड्यूलर आला आणि निवडताना मुदतही पाहिली जाऊ लागली. वजनांचा तक्ता मात्र तोच राहिला.

प्रतिसाद २:
निम्म्या निम्म्या वाटणीमागे बहुधा ऑटोग्रुप आहे. कर्नलच्या २.६.३८ आवृत्तीपासून असलेली ही सोय चालू असेल, तर प्रत्येक टर्मिनल सत्राचा एक गट बनतो, सीपीयू आधी गटांमध्ये समान वाटला जातो आणि नाइसचा प्रभाव त्या गटाच्या आतच उरतो. दोन्ही कामे एकाच टर्मिनलमधून सुरू करून पाहावीत, म्हणजे फरक लगेच दिसेल. ती वेगळीच ठेवायची असल्यास प्रॉकमधील (चालू प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधील) त्या प्रोसेसच्या ऑटोग्रुप फाइलमध्ये १९ लिहावे. मग संपूर्ण गटाचेच वजन उतरते.

प्रतिसाद ३:
खरोखर मर्यादाच हवी असेल, तर सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटांवर मर्यादा घालणाऱ्या कर्नलमधील सोयीच्या) सीपीयू-मॅक्स या फाइलमध्ये ५०००० आणि १००००० हे मायक्रोसेकंदांतले आकडे द्यावेत. दर १०० मिलिसेकंदांत ५० संपले की प्रोसेस थांबवली जाते. मात्र त्या वेळी कोअर रिकामा असला तरीही ती थांबते, म्हणून रात्रभर चालणाऱ्या रूपांतरासाठी मी नाइसच सुचवेन.