मदत हवी आहे : बिनलेबलच्या चूर्णानं शुगर ५४ वर आली, डॉक्टरांना काय सांगू?

व्हर्नियर
मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

वय ४७. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करतो. राहायला कोल्हापुरातच, मंगळवार पेठेत. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. उपाशीपोटी १६८, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.२. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ दिली. शुगर उतरली, पण पोटाची वाट लागली. शॉपवर जायच्या आधी तीनदा आत. पोरं हसायला लागली.

घरात आईचं वेगळंच. आजोळ कागलकडचं, मामांचं गुऱ्हाळ होतं. आईच्या मते साखर केमिकलची आणि गूळ देवाचा. शुगर निघाली त्याच दिवशी तिनं माझ्या चहातली साखर बंद केली आणि गूळ घालायला लागली, तोही सढळ हातानं. सहा महिने मी गुळाचा चहा पीत 'साखर सोडली' म्हणून तालमीत मिरवत होतो. डॉक्टरांनी एकदा दिवसभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं तेव्हा उजेड पडला. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रसच की! आईला अजून पटलेलं नाही. तिला वाटतं, डॉक्टर कारखान्याच्या बाजूचा आहे.

तिची भिजवलेली मेथी मात्र मी मनापासून घेतो. कारल्याचा रस नाक दाबून. मग दाजीपूरकडच्या एका पाहुण्यानं गुडमारचा पाला आणून दिला. चावला आणि वर गुळाचा खडा तोंडात टाकला, तर वाळू चावल्यासारखं. गोडवाच गायब, बराच वेळ. खरं सांगतो, तिथं मी हललो. जिभेवर एवढं करतंय म्हणजे रक्तात पण करत असणार, असं मनानं घेतलं. जीभ वेगळी आणि रक्त वेगळं, हे तेव्हा सुचलं नाही.

त्याच भरात तालमीतल्या एका मित्रानं चूर्ण आणून दिलं. जवळच्या गावात एक माणूस दर शनिवारी बसतो, रांग असते. १५ दिवसांचे ६०० रुपये. प्लॅस्टिकच्या पुड्या, वर काही लिहिलेलं नाही. "बत्तीस वनस्पती आहेत, गोळ्या बंद करा, किडनी खातात," असं तो सगळ्यांना सांगतो. मी सकाळची गोळी चालू ठेवली, संध्याकाळची सोडली. डॉक्टरांना सांगितलं नाही.

पाच दिवसांत उपाशीपोटीची शुगर १५० वरून ९६. आईनं अंबाबाईला पेढे ठेवले (मला दिला नाही).

आज अठरावा दिवस. डिस्पॅचच्या गडबडीत जेवण राहिलं. अडीचच्या सुमाराला लेथवर उभा असताना हात थरथरायला लागले, घामानं शर्ट भिजला, डायलवरचे आकडे दोन-दोन दिसायला लागले. चक फिरत होता. पोरानं मशीन बंद केलं, नाहीतर आज हे टाइप करायला बोटं असती का, माहीत नाही. मीटर टिफिनच्या पिशवीतच असतो. ५४. पोराच्या डब्यात गूळ-शेंगदाणे होते, त्यातला गूळ खाल्ला. वीस मिनिटांत ८२. जेवलो. आणि साडेचारला परत ६३.

आता मी सगळंच धरून बसलोय. मेथी, कारलं, सकाळची गोळी, चूर्ण. एकाच वेळी टूल पण बदललं आणि फीड पण बदलला, तर साइज कशानं आली ते कोण सांगणार? यातलं काय ठेवू, काय सोडू? मेथी-कारल्यात खरंच काही आहे की आईचं समाधान? चूर्ण तपासून मिळतं का कुठं? आणि डॉक्टरांसमोर कुठल्या तोंडानं जाऊ? बायको म्हणते उद्याच जा. आई म्हणते चूर्णाचा गुण आला, जेवण चुकवलंस ही तुझी चूक.

---

रंकाळ्याचा_वारा
रात्री ९:५२

ज्यानं शुगर वाढवली त्या गुळानंच आज वाचवलं. आई जिंकल्या बघ भावा. चेष्टा सोड, उरलेल्या पुड्या आधी लपवून ठेव, आई सकाळी पाण्यात कालवून देतील.

---

औषधवाला
रात्री १०:०५

मी केमिस्ट आहे, २२ वर्षं काउंटरवर. दादा, बाकी चर्चा नंतर, आजची रात्र आधी बघा.

नुसत्या मेटफॉर्मिननं शुगर सहसा इतकी खाली जात नाही. लिव्हरमधून सुटणारी साखर ती कमी करते, इन्सुलिन सोडायला भाग पाडत नाही. ग्लिबेनक्लामाइडसारख्या जुन्या गोळ्या मात्र पोटात अन्न असो नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढतातच. स्वस्त असतात. कुटून हिरव्या चूर्णात मिसळल्या तर ना रंग कळतो ना चव. सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड आणि शुगरच्या पुड्यांत ही गोळी, असे प्रकार आपल्याकडे पकडले गेलेत. तुमच्या पुडीत तेच आहे असं मी इथून बसून म्हणणार नाही. पण पाच दिवसांत १५० वरून ९६, आणि जेवल्यावर पुन्हा ६३, हे मला मेथी-कारल्याचं काम वाटत नाही.

अशा गोळीचा अंमल दिवसभर, कधी त्याहून जास्त राहतो. म्हणून झोपायच्या आधी तपासा, रात्री तीनचा गजर लावून परत तपासा. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मीटर, मग थोडं खाणं. परत पडली तर सकाळची वाट बघू नका, सरळ सीपीआर हॉस्पिटलच्या अपघात विभागात. खोलीत एकटं झोपू नका. आणि वहिनींना सांगून ठेवा, माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, रिक्षा बोलवायची. राहिलेल्या पुड्या फेकू नका.

---

व्हर्नियर
बुधवार, पहाटे ३:१०

झोपताना ७४ होती, दूध-पोळी खाल्ली. आता ८१. बायको उशाशी साखरेचा डबा घेऊन बसलीय. आई पण उठून बसलीय, ती कुणाशी बोलत नाही.

---

गावाकडचा_वैद्य
बुधवार, सकाळी ८:३०

मी बीएएमएस, गडहिंग्लजकडे प्रॅक्टिस करतो. असल्या पुड्यांमुळे आमचं नाव जातं, म्हणून थोडं कडक लिहितोय.

आयुर्वेदिक औषध कंपनीचं असेल तर डब्यावर परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक आणि पत्ता असतो. वैद्य स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवून देऊ शकतो, कायद्यात तशी सूट आहे. पण तो नाडी बघेल, रिपोर्ट बघेल, आत काय आहे ते विचारल्यावर सांगेल. शनिवारी रांगेतल्या शंभर जणांना एकच पुडी देणारा वैद्य नव्हे. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे.

तुमच्या मेथीबद्दल : तिच्यातला बुळबुळीत तंतू पोटात जेलसारखा होतो, साखर हळूहळू शोषली जाते. थोडा फायदा होतो. गोळीची जागा ती घेत नाही, आणि गोळी मेथीच्या पाण्याबरोबर घेऊ नका, अंतर ठेवा. कारल्याचा परिणाम माणसागणिक वेगळा, पण गोळीच्या जोडीला घेतलं तर शुगर आणखी उतरू शकते, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाला. मी स्वतः माझ्या मधुमेहाच्या रुग्णांच्या चालू गोळ्या बंद करत नाही.

---

काढा_नको_बाई
बुधवार, सकाळी ११:१५

वैद्यबुवांना +१. कोरोनात आमच्या आत्यांनी (सासूबाई) गुळवेलीचा काढा वर्षभर रोज घेतला. डोळे पिवळे झाले, लिव्हरचे आकडे हजारात. काढा बंद केल्यावर दोन महिन्यांत उतरले. गुळवेलीनं की गुळवेल म्हणून दुसरीच वेल कुणी विकली त्यानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्यासारखंच, आम्ही पण डॉक्टरांना आधी सांगितलं नव्हतं. ते बिचारे महिनाभर काविळीच्या तपासण्या करत बसले.

---

जुनं_ते_सोनं
बुधवार, दुपारी १:४०

तुमच्या आईंना एक सांगा. मेटफॉर्मिनसुद्धा मुळात झाडाच्याच वाटेनं आली. युरोपात गॅलेगा नावाचं एक झुडूप आहे, जुन्या काळी तिकडचे लोक ते सारखी लघवी होणाऱ्याला द्यायचे. त्यातला गॅलेजिन नावाचा अंश शुगर उतरवायचा, पण माणसाला झेपत नव्हता. त्याच्यासारखी पण सोसणारी रसायनं शोधता शोधता मेटफॉर्मिन मिळालं आणि १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहाला वापरल्याचं प्रसिद्ध केलं. आपली सर्पगंधाही तशीच. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा ब्लडप्रेशरवरचा अनुभव मांडला, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. त्यांनी किती दिलं, कुणाला दिलं, प्रेशर किती उतरलं, सगळं लिहून ठेवलं होतं. तुमच्या शनिवारवाल्याकडे वही आहे का?

---

व्हर्नियर
रविवार, सकाळी १०:२०

सगळ्यांचे आभार, विशेषतः औषधवाल्यांचे. बुधवारीच डॉक्टरांकडे गेलो. बायको बरोबर होती, म्हणून सगळं सांगावंच लागलं. मला वाटलं होतं झापतील. त्यांनी पुडी मागितली, वास घेतला, पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर, बी-१२ या तपासण्या लिहून दिल्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं म्हणे. किडनी-लिव्हर नॉर्मल, बी-१२ काठावर.

पोटाच्या तक्रारीचं त्यांना मी दोन वर्षांत एकदाही नीट सांगितलं नव्हतं, हे त्यांनीच लक्षात आणून दिलं. आता एसआर गोळी दिलीय, हळू विरघळणारी, रात्रीच्या जेवणाबरोबर. चार दिवस झाले, सकाळी एकदाच आत. एवढ्यासाठी मी बत्तीस वनस्पती खात होतो!

चूर्ण सोडल्यावर उपाशीपोटी १५८. म्हणजे ते ९६ कुणाचे होते ते कळलं. मेथी ठेवायला सांगितलीय, कारलं भाजीत खायचं, रस तूर्त बंद. तीन महिन्यांनी एचबीएवनसी करायचं, तोवर यात काही बदलायचं नाही. हे मला पटलं, एका वेळी एकच सेटिंग. उरलेल्या पुड्या घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज देणार आहे. कुणी असा अर्ज केला असेल तर काय काय जोडावं लागतं ते सांगा.

आई गुळावरून अजून बोलत नाही. काल मात्र तिनं चहा बिनगुळाचा दिला आणि स्वतःच्या कपात दोन खडे जास्त टाकले.

आता खरी अडचण त्या मित्राची. तो दोन गोळ्या सोडून नुसत्या चूर्णावर आहे, वय ६१, एकटा राहतो, पहाटे उपाशीपोटी पंचगंगा घाटावर फिरायला जातो. काल तासभर समजावलं. "माझी शुगर ८८ आहे, तू तुझं बघ," म्हणाला. भांडण नको म्हणून शेवटी त्याच्या खिशात साखरेच्या दोन पुड्या कोंबल्या आणि घाटावरच्या चहावाल्याला माझा नंबर देऊन आलोय. त्याला कसं वळवायचं, सुचत असेल तर लिहा.