आधी मागची बाजू कापा
तुमच्या पेरूव्हियन गिनीपिगचे (लांब केसांची जात) केस जमिनीवर लोळताहेत, पण कात्री लावायची भीती वाटते, असं तुम्ही म्हणताय. बिनधास्त कापा. हे केस महिन्याला साधारण २.५ सेंटीमीटर वाढतात आणि थांबायचं नाव घेत नाहीत, त्यामुळे वेडंवाकडं कापलं तरी लवकरच झाकलं जातं. (आमचं ध्यान पहिल्या वेळी उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसत होतं.)

सुरुवात मागून करा. तिथले केस लघवीने भिजून चिकटतात, उकाड्यात माश्या त्यात अंडी घालतात आणि मग प्रकरण जिवावर बेततं. बोथट टोकांची छोटी कात्री घ्या. बट कातडीलगत दोन बोटांत धरा आणि बोटांच्या बाहेरच कापा. कात्री चुकली तर तुमच्या बोटाला लागेल, त्याला नाही. गाठ झाली असेल तर ओढू नका. गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवा, त्याच्या वरून कापा. पोटाखाली मात्र फार जपून, कारण नर असो वा मादी, दोन स्तनाग्रं असतातच आणि केसांत ती दिसत नाहीत.

कापण्याआधी आंघोळ नको, ओले केस कापले की अंदाज चुकतो. एकाने मांडीवर घेऊन तोंडापुढे गवत धरायचं, दुसऱ्याने कापायचं. चुळबुळ वाढली की कात्री खाली. उरलेली बाजू उद्या.