स्पिनलॉक धरून सिंक्रोनाइझ_आरसीयू चालत नाही, मग नोंद मोकळी कधी करायची?

ड्रायव्हर_शिकाऊ:
लिनक्ससाठी नेटवर्क मॉड्यूल लिहितोय. प्रत्येक पॅकेटमागे मॅक पत्त्यांची यादी चाळावी लागते. वाचणारे आरसीयूखाली (रीड-कॉपी-अपडेट, म्हणजे वाचणाऱ्याला लॉक घ्यावं न लागण्याची पद्धत) आहेत, बदल करणारे स्पिनलॉक घेतात (ते धरून झोपता, म्हणजे सीपीयू सोडून थांबता येत नाही). लॉक धरून सिंक्रोनाइझ_आरसीयू (जुने वाचणारे संपेपर्यंत झोपून थांबणारं फंक्शन) बोलावलं की ‘स्केड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक’ ही चूक येते. ते वगळून थेट केफ्री केलं, म्हणजे नोंदीची मेमरी लगेच परत दिली तर? यादीतून काढलेली नोंद कुणाला सापडणारच नाही ना?

कर्नलवेडा:
नव्याने येणाऱ्याला नाही सापडणार. पण जो आधीच त्या नोंदीवर पोचलाय, त्याच्या हातात पॉइंटर आहेच. तुम्ही केफ्री केलंत की स्लॅब (कर्नलचा मेमरी वाटणारा भाग) तीच जागा दुसऱ्याला देईल, आणि तो वाचणारा परक्या डेटाला ‘पुढची नोंद’ समजून तिकडे जाईल. टेस्टमध्ये हे क्वचितच दिसतं, ट्रॅफिक वाढला की मशीन पडतं.

वाचणारा कुठेच हजेरी लावत नाही. नॉन-प्रीएम्प्टिबल कर्नलमध्ये (चालू कर्नल कोड मधेच बाजूला न सारणाऱ्या) आरसीयू_रीड_लॉकची, म्हणजे वाचन सुरू झाल्याच्या खुणेची, एकही मशीन इन्स्ट्रक्शन बनत नाही! तरी कर्नलला कळतं, कारण वाचताना झोपायला मनाई आहे. एखाद्या सीपीयूवर कॉन्टेक्स्ट स्विच झाला (एक काम सोडून दुसरं घेतलं), म्हणजे तिथले जुने वाचणारे संपले. प्रत्येक सीपीयूबद्दल अशी खात्री पटली की ग्रेस पिरियड, म्हणजे जुन्या वाचणाऱ्यांसाठी थांबायचा काळ, पूर्ण. वाट पाहण्याचा सगळा भार लिहिणाऱ्यावर, वाचणारा मोकळा. इतकी देखणी रचना कर्नलमध्ये मला दुसरी दिसत नाही. पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी १९९० च्या दशकात सीक्वेंट कंपनीच्या डायनिक्स/पीटीएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ती घडवली. लिनक्समध्ये ती २००२ साली, २.५.४३ मध्ये आली.

तुम्ही स्ट्रक्टमध्ये आरसीयू_हेड घाला, लॉकखाली लिस्ट_डेल_आरसीयू (यादीतून काढणं) करा आणि लगेच केफ्री_आरसीयू, ते ग्रेस पिरियड संपल्यावर मेमरी सोडतं. हेड दिलं की ते झोपत नाही. साधं लिस्ट_डेल मात्र नको. ते ‘नेक्स्ट’मध्ये विषारी (मुद्दाम अवैध ठेवलेला) पत्ता भरतं आणि मधे असलेला वाचणारा त्यावर आदळतो. ६४-बिट एक्स८६ वर क्रॅशमधला पत्ता ‘डेड’ने सुरू झाला, तर आधी इथे बघा.

लॉक_सोडा:
काढणारा कोड झोपू शकत असेल तर लॉक सोडा, मग सिंक्रोनाइझ_आरसीयू, मग केफ्री. वाचायला सोपं. शिवाय कुणी धडाधड नोंदी काढत सुटला तर मेमरी तुंबत नाही.

ड्रायव्हर_शिकाऊ:
नोंद सोडताना डेव्ह_पुटही (डिव्हाइसवरचा आपला हक्क सोडणं) करायचंय. केफ्री_आरसीयू पुरेल?

कर्नलवेडा:
नाही. ते फक्त मेमरी सोडतं. वाचणारे नोंदीतून डिव्हाइसपर्यंत जात असतील तर कॉल_आरसीयूला स्वतःचं फंक्शन (कॉलबॅक) द्या, ते ग्रेस पिरियडनंतर चालवलं जातं. पण मग ते फंक्शन तुमच्या मॉड्यूलमध्ये राहणार. आरएममॉडनंतर (मॉड्यूल काढून टाकल्यावर) कॉलबॅकची पाळी आली तर तो कोडच जागेवर नसेल. म्हणून एक्झिटमध्ये आधी पॅकेटचे हुक काढा, नव्या कॉल_आरसीयूची वाट बंद करा आणि मग आरसीयू_बॅरियर बोलवा. सिंक्रोनाइझ_आरसीयू इथे पुरत नाही: ते वाचणाऱ्यांसाठी थांबतं, रांगेतले कॉलबॅक चालून संपेपर्यंत नाही.

आणि टेस्टच्या कर्नलमध्ये प्रूव्ह_आरसीयू (आरसीयूचा चुकीचा वापर पकडणारी तपासणी) चालू ठेवा, कासानही (मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर पकडणारी).