मदत हवी आहे: अर्धे रॅम स्लॉट बंद, दुसरा प्रोसेसर घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

वापरलेला, दोन सॉकेटचा (म्हणजे दोन प्रोसेसर बसवता येणारा) रॅक सर्व्हर घेतला आहे. सध्या त्यात एकच प्रोसेसर आहे. रॅम वाढवायला गेलो, तर अर्ध्या स्लॉटमधली रॅम दिसेचना. दोन दिवस कांड्या काढून-घालून पाहिल्या. शेवटी मॅन्युअलमध्ये सापडलं: रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे दुसरा सॉकेट रिकामा असेपर्यंत त्याला जोडलेले स्लॉट बंदच राहणार. काही पीसीआय स्लॉटचंही (जादा कार्ड बसवायच्या जागा) तेच.

आता प्रश्न असा, की त्याच मॉडेलचा दुसरा प्रोसेसर आणि हीटसिंक घ्यावा, की आहेत त्या स्लॉटमध्ये १६ जीबीऐवजी ३२ जीबीच्या कांड्या घालाव्यात? तीन-चार व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे वेगवेगळे आभासी संगणक) चालवायची आहेत; प्रोसेसरवर फार ताण नाही, मेमरी मात्र कमी पडते. रॅम ईसीसी रजिस्टर्ड (चुका दुरुस्त करणारी, सर्व्हरसाठीची) आहे, साध्या डेस्कटॉपची त्यात चालत नाही हे माहीत आहे.

दुसरं, ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क आहेत. त्या रेडमध्ये (डिस्क एकत्र जोडून, एखादी बिघडली तरी डेटा टिकवायची पद्धत) लावायच्या आहेत. रेड ५ केलं तर १२ टीबी मिळते, रेड १० मध्ये (प्रत्येक डिस्कची जोडीला प्रत) ८. पण एक डिस्क गेल्यावर रेड ५ ची पुनर्बांधणी चालू असताना दुसरी गेली तर सगळंच जाईल, याची मला खरी धास्ती वाटते. बॅकअप वेगळा घेतोच, तरीही माझा कल रेड १० कडे आहे. तुम्ही काय केलं असतं?

पॉवर सप्लाय दोन आहेत. दोन्ही एकाच यूपीएसला जोडले तर चालेल का?