मागचं वॉल कंपाउंड पडलं त्याबद्दल, सगळ्यांनी पूर्ण वाचा

ए-१०२: नमस्कार, रात्रभर झोप नाही त्यामुळे लिहिण्यात मागेपुढे झालं तर समजून घ्या. पहाटे साडेतीनला धप्प आवाज आला, आम्हाला वाटलं डीपी उडाली, बॅटरी घेऊन मागे गेले तर वॉल कंपाउंडचा ६० एक फुटांचा तुकडा आडवा पडलेला. विटा, चिखल आणि पलीकडच्या सोसायटीचा भराव सगळा आमच्या धुण्याच्या जागेत. धुण्याचा दगड दिसत पण नाही. संध्याकाळी सातपर्यंत माझा मुलगा त्याच भिंतीवर बॉल मारत होता.

बी-३०४: बापरे ताई, कोणाला लागलं नाही ना?

ए-१०२: नाही, देवाची कृपा. पण आता मागून सगळं उघडं आहे, सकाळीच दोन डुकरं येऊन गेली.

सी-४०१: वहिनी वाईट झालं. पण खर्चाचं आधीच स्पष्ट बोललेलं बरं, मागची जागा तुम्ही ग्राउंडवालेच वापरता, आम्ही चौथ्या मजल्यावरचे तिकडे येतही नाही, तर मागच्या बाजूच्या ४ फ्लॅटनी मिळून करून घ्यावं असं माझं मत.

बी-४०३: +१

ए-१०२: दादा, राग नका मानू पण हे बरोबर नाही. मी तळमजल्यावर राहते, ९ वर्षांत लिफ्टमध्ये मोजून चार-पाच वेळा बसले असेन, तेही तुमच्याकडे सत्यनारायणाला आले तेव्हा. तरी लिफ्टचा खर्च बरोबरीने भरते कारण सोसायटीच्या उपविधीत, म्हणजे नियमावलीत, तसंच आहे, वापरा नाहीतर वापरू नका, त्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सारखा. त्याच उपविधीत सोसायटीने स्वतःच्या खर्चाने काय काय दुरुस्त करायचं त्याची यादी आहे, आतले रस्ते, पाण्याच्या टाक्या, जिने, गच्ची आणि त्यातच कंपाउंड वॉल पण आहे. मागच्या पावसाळ्यात तुमच्या स्लॅबमधून गळत होतं तेव्हा वॉटरप्रूफिंग सगळ्यांच्या पैशातून झालं, वरच्यांनी बघावं असं कोणी म्हटलं नाही आणि म्हणायलाही नको होतं. मिस्त्री १ लाख ८० हजार सांगतोय. ४० फ्लॅटमध्ये साडेचार हजार येतात, ४ फ्लॅटवर टाकले तर ४५ हजार, मी कुठून आणू? आणि चोर काय फक्त ग्राउंडवाल्यांकडेच जाणार का, जिना सगळ्यांचा एकच आहे.

बी-३०४: ताईंचं बरोबर आहे. दुरुस्ती फंड आपण भरतोच ना, बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरवर्षी, तो ह्याचसाठी असतो.

सी-२०१: बिल्डरला का नाही धरत?

सेक्रेटरी: ताबा मिळून ९ वर्षं झाली, रेरा म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याच्या कलम १४ मध्ये बांधकामातल्या दोषांसाठी मुदत ५ वर्षांची आहे, ते आता गेलं. दुसरं म्हणजे आपण ४० मेंबर, कमिटीला एकावेळी ५० हजारांपर्यंतच खर्च करता येतो, त्याच्यावर जनरल बॉडी लागेल. ५ दिवसांच्या नोटिशीवर विशेष सभा लावतो.

बी-२०२ नाना: मी सकाळी जाऊन पाहून आलो. भो, भिंत पावसाने पडली असं नका म्हणू, पाऊस निमित्त. आपली जमीन काळी माती. मे मध्ये ४५ डिग्रीला ती अशी भेगाळते की आख्खा पंजा आत जातो, आणि मृगाचं पाणी लागलं की फुगते. दरवर्षी भिंत वर उचलायची, खाली सोडायची. पाया पाहिला तर फक्त दीड फूट, मुरूम लागेपर्यंत खोदलेलंच नाही. त्यात पलीकडच्यांनी पार्किंग उंच करायला भिंतीला टेकवून चार फूट भराव टाकला आणि पाणी जायला पाइपाची भोकं कुठेच नाहीत, ओल्या मातीचा सगळा रेटा आपल्या विटांवर. परत तशीच भिंत उभी केली तर ४ वर्षांनी परत पडेल. काळी माती काढून मुरूम भरा, दर १० फुटांवर कॉलम घ्या, खाली बीम घ्या, आणि भोकं ठेवा. थोडा खर्च वाढेल पण एकदाच करा.

सी-४०१: मग पलीकडच्यांनीच द्यावं सगळं.

नाना: आधी भिंत कोणाच्या प्लॉटमध्ये ते पाहा. प्रॉपर्टी कार्ड आणि नकाशा काढा, वाद झालाच तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. बरोबर हद्दीवर असेल तर अर्धं अर्धं मागता येईल, आपल्या हद्दीत असेल तर भिंत आपली पण भरावाचं नुकसान त्यांच्याकडे मागायचं. काहीही ठरलं तरी दोन्ही सोसायट्यांचे ठराव आणि सह्या लेखी पाहिजेत. आमच्या जुन्या सोसायटीत तोंडी ठरलं होतं, दोन्हीकडचे चेअरमन बदलले आणि नवे म्हणे आम्हाला काही माहितीच नाही.

सी-१०४ आबा: आम्हना अमळनेरकडे वावरना बांध दोन्ही शेजारी मिळीसन घालतस. भिंत पडनी ती समदासनी पडनी, एकनी नही.

सी-४०१: ठीक आहे आबा. वहिनी, मला भरावाचं माहिती नव्हतं, मी वरून पाहिलं फक्त. सभेत माझा विरोध नाही.

ए-१०२: दादा मनापासून आभार. अर्धं अर्धं झालं आणि १ लाख ८० च धरले तरी फ्लॅटमागे सव्वादोन हजारच येतात, कॉलमचे थोडे जास्त धरू. पण सभा होईपर्यंत मागे पत्रे तरी उभे करा हो, रात्री मुलांना घेऊन झोपायची भीती वाटते. आणि विटा कोणी उचलू नका, पलीकडच्यांना भराव जसा पडलाय तसा दाखवायचाय, मी फोटो काढून ठेवलेत.

सेक्रेटरी: पत्रे दुपारपर्यंत लागतील, तेवढं कमिटीच्या अधिकारात बसतं. पलीकडच्या चेअरमनशी आत्ता बोललो, संध्याकाळी ६ ला मागे येतायत. नाना तुम्ही पाहिजेच. आबा, तुमच्याकडचा तो १०० फुटी टेप घेऊन या.

आबा: टेप लई येस.